मणलकुडीचा रकाना

चेन्नई
२० जानेवारी १९९८

प्रिय मामा,

मी सुखरूप पोचले. पोंगलच्या गर्दीत बसमध्ये उभ्यानेच आले, पण मामीने बांधून दिलेल्या ताडगुळाच्या ढेपा एकही न फुटता आल्या. माझ्या खोलीतल्या मुलींनी दोन दिवसांत अर्ध्या संपवल्या. मामीला सांगा, पुढच्या वेळी लपवून ठेवीन.

आता कामाचं. तिथे असताना बोलायचं होतं, पण तुम्ही पहाटे समुद्रावर आणि दुपारी झोपेत. मग राहूनच गेलं.

आमच्या मत्स्य-संशोधन केंद्रात किनाऱ्याकिनाऱ्यावरून कागद येतात. कुठे किती मासळी उतरली, कोणती, केवढी, कोणत्या जाळ्यात. ती मी मोठ्या तक्त्यात भरते. प्रत्येक गावाला एक रकाना. आपल्या बाजूची सगळी गावं त्यात आहेत, मामा, आणि मणलकुडीचा रकाना कोरा. तिथे कुणी मोजू देत नाही, असा शेरा लिहिलाय. काल आमचे प्रमुख नटेसन सर मला गमतीने म्हणाले, "इरुदया, तुझं गाव खरंच आहे ना?"

यात गंमत नाही. ट्रॉलर किनाऱ्याच्या किती जवळ येऊ द्यायचे, शेवंडीची वीण कधी असते, कुठे बांधकाम करायचं आणि कुठे नाही, हे सगळं ठरवताना लोक हा तक्ता बघतात. कोऱ्या रकान्याला कोण विचारणार?

पुढच्या महिन्यापासून भास्करन नावाचा माणूस ठरलेल्या दिवशी किनाऱ्यावर येईल. टोपलीतली मासळी फळीवर ठेवून मोजेल, काट्यावर टांगेल आणि परत देईल. कुणाचं नाव लिहिणार नाही, पैसा मागणार नाही. तुम्ही कमिटीत एवढा शब्द टाका. बाप गेल्यावर तुम्हीच मला वाढवलंत, शिकवलंत. तुमचं गावात ऐकतात.

मामीला नमस्कार.

तुमची इरुदया

*

मणलकुडी
२४ फेब्रुवारी १९९८

चि. इरुदयाला सूसै मामाचा आशीर्वाद.

तुझं पत्र क्रुसाच्या देवळापुढच्या उंडीच्या झाडाखाली कमिटी बसली तेव्हा मोठ्याने वाचून दाखवलं. रकाना म्हणजे काय हे कुणाला कळेना. आपला तोम्मै, कमिटीचा म्होरक्या, म्हणाला, "रकाना म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. आत गेलं की बाहेर सुरी घेऊन कुणीतरी उभंच." सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू.

मग तो तेच जुनं बोलला. मागे एकदा सरकारी माणूस आला, होड्यांची यंत्रं मोजून गेला आणि पुढच्या महिन्यापासून रॉकेल निम्म्यावर आलं. "मोजलं की कापलं," तोम्मै म्हणाला. "आज मासे मोजतील, उद्या पट्टी बसवतील. नाहीतर म्हणतील फार धरता, चार महिने घरी बसा."

मी म्हटलं, "ती माझ्या बहिणीची पोर आहे. याच वाळूत रांगलीय. ती आपलं वाईट करील?"

"ती नाही रे करणार. तिच्या डोक्यावर जो बसलाय, त्याला तू ओळखतोस का?"

मी ओळखत नव्हतो. पण तुझ्यासाठी घसा कोरडा केला आणि शेवटी सगळे हो म्हणाले.

तुझा भास्करन येऊन गेला. नागरकोविलचा आहे, काळी छत्री घेऊन येतो. वाळूत बूट घालून चालतो आणि दर दहा पावलांना बूट झटकतो. शेवंड उचलायला गेला तर तिने शेपटी आपटून त्याचा चष्मा पाडला. पोरं चष्मा शोधत होती आणि हा बिचारा शेवंडीलाच "माफ करा" म्हणाला. मामी त्याला भाताची कंजी वाढते. म्हणते, मासे मोजतोय, पण स्वतःच्या अंगावर बोटभर मांस नाही.

माणूस वाईट नाही. जे दाखवण्यासारखं आहे ते आम्ही त्याला दाखवतो. तू निर्धास्त राहा.

उद्या राखेचा बुधवार. उपासाच्या दिवसांत शहरात काय खातेस ते कळव.

सूसैअप्पन

*

चेन्नई
९ ऑक्टोबर १९९८

प्रिय मामा,

मणलकुडीचा रकाना भरायला लागला, त्या दिवशी मी सगळ्या टेबलांवर चहा दिला. तुम्हाला सांगितलं नव्हतं.

पण आता तो रकाना मी सगळ्यांत शेवटी भरते. भास्करन प्रामाणिक माणूस आहे, एकही फेरी चुकवत नाही. त्याचे कागद महिन्यामागून महिना समोर येतात आणि आकडा खालीच. आधी शेवंड चांगली होती, मग कमी झाली, आता आहे ती बोटाएवढी. खेकडे तसेच. सुरमई तर दोन महिन्यांत एकदाही दिसली नाही. एवढं काय झालं? ट्रॉलर आत घुसतात का? खडकांवर कुणी औषध टाकतंय का? तुम्ही पत्रात काहीच लिहीत नाही.

घरी नीट जेवता ना? मामी स्वतःच्या पानात काही न घेता तुमचंच पान भरते, हे मला माहीत आहे.

नटेसन सरांना तुमचा आलेख आवडतो. "काय स्वच्छ उतरती रेघ आहे," म्हणतात. बाकीच्या गावांचे आकडे वरखाली उड्या मारतात. तुमची रेघ मात्र सरळ खाली. ते शास्त्राच्या अंगाने बोलतात, त्यांचा दोष नाही. मी मात्र त्या रेघेकडे बघते आणि मला आपलं घर दिसतं.

खरं काय ते लिहा.

इरुदया

*

मणलकुडी
१ नोव्हेंबर १९९८

चि. इरुदयाला आशीर्वाद.

अगं वेडे, झोप कशाला घालवतेस? समुद्र कधी देतो, कधी हात आखडतो. आम्ही काही उपाशी मरत नाही. मी नवीन जाळं घेतलं, निळं, नायलॉनचं. मामी म्हणते, माझ्या लुगड्यापेक्षा त्याच्यावर तुमची नजर जास्त.

तोम्मैच्या मुलीचं लग्न झालं. तू यायला हवी होतीस. नवऱ्याच्या गावाहून, तेरीमुनैहून, पाहुणे दोन बस भरून आले आणि प्रत्येकाच्या पानात शेवंड. व्याही ताटावरून उठेचना. तोम्मै त्याला म्हणाला, "मुलगी दिली आहे, समुद्र दिलेला नाही. उठा आता."

सोबत सुकवलेल्या सुरमईचं पार्सल पाठवतोय. खोलीतल्या मुलींना दे. वास येतो म्हणून नाकं मुरडतील, मग बोटं चाटतील.

भास्करनला ताप आला होता. दोन रात्री आपल्याच घरी होता.

त्या रेघेची काळजी करू नको. कागदावरची रेघ कागदावर.

सूसैअप्पन

*

चेन्नई
१७ ऑगस्ट १९९९

प्रिय मामा,

हे पत्र मिळाल्याबरोबर वाचा आणि त्याच दिवशी उत्तर टाका.

काल नटेसन सरांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर आपल्या किनाऱ्याचा नकाशा होता. तिथे कोळसा उतरवायचा मोठा धक्का होणार आहे. त्यासाठी तीन गावांच्या खाड्या पाहिल्या होत्या. कुठे सर्वांत कमी नुकसान होईल, असं आमच्या केंद्राला विचारलं होतं. केंद्राने तक्ते पाठवले. माझेच तक्ते, मामा, माझ्या अक्षरातले.

मणलकुडी ठरलंय.

कारणाची ओळ मी स्वतः वाचली. "येथील मासेमारी झपाट्याने घटत असून आता नगण्य आहे." बाकीच्या दोन गावांचे आकडे वरखाली का होईना, पण मोठे. आपला तेवढा लहान.

मी तिथेच उभी राहिले. सर म्हणाले, "तुझं गाव आहे, मला कल्पना आहे. पण तिथे आता उरलंय काय? उलट तुझ्या लोकांना धक्क्यावर कामं मिळतील." आणि आकडे तेच सांगतात.

रात्री खोलीत बसून तुमची सगळी पत्रं पुन्हा वाचली. नवं जाळं. दोन बसच्या पाहुण्यांना शेवंड. ती सुरमई, जी कागदावर कुठेच नव्हती, ती माझ्याच डब्यात होती आणि मी खाल्ली. मला वाटलं होतं, तुम्ही माझी समजूत काढताय, म्हणून आनंदाचं लिहिताय.

मामा, तुम्ही भास्करनला काय दाखवत होता?

इरुदया

*

मणलकुडी
२१ ऑगस्ट १९९९

इरुदया,

तू विचारलंस, म्हणून सरळ लिहितो. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे होते.

उंडीखाली सगळे हो म्हणाले ते या बोलीवर, की एक टोपली पुढून न्यायची आणि दुसरी मागून. पुढची भास्करनसमोर ठेवायची. चांगला माल देवळामागून ताडांच्या बनात न्यायचा, व्यापाऱ्याची गाडी तिथेच लावायची. तोम्मैने सुचवलं, पण मीही मान डोलावली. मला वाटलं, तुझंही काम होतंय, गावाचंही राहतंय. दोघांचं मन राखलं म्हणून मी खूश होतो, पोरी.

पहिल्या महिन्यात थोडंसंच लपवलं. काही झालं नाही, तशी भीड चेपली. मग जो तो जास्त लपवायला लागला. शेवटी शेवटी पोरांच्या खेळण्यातली मासळी त्याच्या फळीवर ठेवत होतो. तो मान खाली घालून तीच मोजायचा आणि आम्ही मागे वळून हसायचो. तुझी ती स्वच्छ रेघ अशी उतरली. मासे उतरले नव्हते, आमची लाज उतरत होती.

काल पुन्हा उंडीखाली बसलो. तुझं पत्र वाचलं. कुणी हसलं नाही. तोम्मै म्हणाला, "तिला लिही, आम्ही सगळे अंगठे देतो. खोटं सांगितलं हे कबूल करतो. आता येऊन मोजा, दोन्ही टोपल्या मोजा."

तू तुझ्या सरांना सांग. ते शिकलेले आहेत, समजून घेतील. भास्करनला पुन्हा पाठवा. मामी त्याची वाट बघत बसलीय.

सूसैअप्पन

*

चेन्नई
१० सप्टेंबर १९९९

प्रिय मामा,

सरांना सांगितलं. तुमचं पत्रही वाचून दाखवलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "इरुदया, तुझ्या मामांवर माझा विश्वास आहे. पण मी लिहू काय? धक्का येणार हे कळायच्या आधी हे लोक थोडी मासळी दाखवत होते. धक्का येणार हे कळल्यावर म्हणतात, भरपूर आहे. तू तिऱ्हाईत असतीस तर कोणतं तोंड खरं मानलं असतंस?"

मी म्हटलं, "पुन्हा मोजू या ना."

"मोजणीचा काळ संपला. मंजूर झालेला पैसा संपला. आणि आता मोजलं तर सगळ्या जिल्ह्याची मासळी मणलकुडीच्या वाळूवर आणून ठेवतील, असं समोरचा वकील म्हणेल."

त्यांचं चुकलं कुठे, ते मला सापडत नाही. मी रोज शोधते.

भास्करनला काढून टाकलं. फसवला गेला हा त्याचा दोष ठरला. सामान न्यायला आला होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "मला बनातल्या गाडीच्या चाकोऱ्या दिसायच्या. वाटायचं, विचारावं. पण तुझी मामी कंजी घेऊन यायची." मग छत्री उचलून गेला.

एकच वाट राहिलीय. नोव्हेंबरात मणलकुडीच्या शाळेत जाहीर सुनावणी आहे. कुणालाही उभं राहून बोलता येतं. तुम्ही बोला. तिथे मलाही यावं लागणार आहे, केंद्राकडून. तक्ता घेऊन.

इरुदया

*

चेन्नई
२ डिसेंबर १९९९

प्रिय मामा,

सुनावणी होऊन गेल्यापासून रोज लिहायला बसते आहे.

तुम्ही चांगलं बोललात. पांढरा सदरा घालून आला होतात, माझ्या पदवीच्या वेळचा. मंडपात सगळं गाव होतं. तुम्ही सांगितलंत, आम्ही लपवलं, भीतीने लपवलं, आमचा समुद्र भरलेला आहे. बायका मान हलवत होत्या. मला वाटलं, आता अधिकारी लिहून घेतील.

त्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही दीड वर्ष सरकारला खोटं सांगितलंत?"

"हो."

"आणि आज खरं सांगताय?"

"हो."

"कशावरून?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मामा, ते बघणं मला विसरता येत नाही.

मग त्यांनी मला उभं केलं आणि रकाना वाचायला लावला. महिन्यामागून महिना. माझ्याच गावापुढे मी तो वाचला. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "ही नोंद बरोबर आहे का?"

मी म्हटलं, "नोंद बरोबर आहे. पण..."

"एवढंच विचारलंय," ते म्हणाले आणि ध्वनिक्षेपक पुढच्या माणसाकडे गेला. मी "पण" म्हटलं होतं. ते कुणाला ऐकू गेलं का? तुम्हाला?

मागून तोम्मै अण्णन ओरडले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" सगळ्यांनी वळून बघितलं.

नंतर मी घरी आले. मामीने पान वाढलं. तुम्ही मागच्या दारी जाळं घेऊन बसला होतात, माझ्याकडे पाठ करून. मी जेवले. पान उचलून टाकलं. बसची वेळ झाली तरी तुमची सुई थांबली नाही.

मी काय म्हणायला हवं होतं? नोंद चूक आहे असं म्हटलं असतं, तर ते म्हणाले असते, मग तुझे सगळेच तक्ते चूक, आणि त्याचाही आपल्याला उपयोग नव्हता. मी खूप विचार केलाय. तरी तुम्हाला काही वेगळं सुचत असेल तर सांगा.

उत्तर द्या.

इरुदया

*

चेन्नई
१५ मार्च २०००

प्रिय मामा,

नाताळला उत्तर नाही, नव्या वर्षाला नाही. मनीऑर्डर परत आली. शिक्क्यावर फक्त "नाकारली".

कामाला सुरुवात झाली असं ऑफिसात कळलं. कुंपण कुठपर्यंत आलंय? देवळापर्यंत आलं का?

मामीची खुशाली तरी एका ओळीत कळवा. दुसरं काही लिहू नका.

इरुदया

*

तेरीमुनै
८ नोव्हेंबर २०००

चि. इरुदयाला आशीर्वाद.

पत्ता बदललाय, तो वर लिहिलाय. मामी बरी आहे.

कुंपण देवळाच्या अलीकडे थांबलं. देऊळ राहिलं, उंडी राहिली, वाळू गेली. वाळूशिवाय होडी कुठे ओढायची? काहीजण धक्क्यावर पहाऱ्याला लागले. तोम्मै मुलीकडे आला, इथे तेरीमुनैला. मागून आम्ही काही घरं आलो. जिच्या लग्नात त्याने व्याह्याला ताटावरून उठवलं, तिच्याच घरी आता तो जेवायला बसतो. व्याही काही बोलत नाही. तोम्मैच अर्ध्या पोटी उठतो.

खडकाळ टोकाला आम्हाला होड्या लावू देतात. त्यांच्या सगळ्या होड्या लागल्यावर आमचा नंबर. तक्रार नाही. आपला किनारा असता तर आपणही तसंच केलं असतं.

तुझ्यावर राग होता का? होता. पाठ करून बसलो तेव्हा जाळ्यात एकही गाठ धड पडत नव्हती. पण तू काय वेगळं बोलणार होतीस? आम्ही सांगितलं ते तू लिहिलंस आणि लिहिलं ते वाचलंस. तुझं "पण" मी ऐकलं होतं. मामीनेही ऐकलं होतं. तुला सांगायला एवढे दिवस लागले, एवढंच.

लिहायचं कारण वेगळं आहे.

इथेही मोजणी सुरू झालीय. शेनबगम नावाची मुलगी येते, टोपी घालून. आणि इथेही माल दोन वाटांनी जातो. मी तिसऱ्याच दिवशी ओळखलं. आमचीच विद्या.

मी इथल्या कमिटीत उभा राहिलो. म्हटलं, "असं करू नका. आम्ही असंच केलं आणि किनारा घालवून बसलो. तिला सगळं दाखवा."

इथला म्होरक्या म्हणाला, "सूसै अण्णन, तुम्ही मोजणाऱ्याला गावात घेतलंत की नाही?"

"घेतलं."

"फळीवर मासे ठेवलेत की नाही?"

"ठेवले, पण अर्धेच..."

"आणि किनारा गेला. मग आम्ही अर्धे तरी का ठेवावेत?"

सगळे हसले. मी तोम्मैकडे बघितलं. म्हटलं, तू सांग, तू तर होतास. तो जमिनीकडे बघत राहिला. मुलीच्या सासरी राहणारा माणूस काय बोलणार? आमची गोष्ट या किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत आहे, फक्त उलटी माहीत आहे. मणलकुडीवाल्यांनी मासे मोजू दिले आणि गाव गेलं. लहान पोरंसुद्धा असंच सांगतात. मी किती जणांना धरून समजावू?

मग मी एकटाच दोन्ही टोपल्या तिच्यापुढे ठेवायला लागलो. पूर्वीसारखी मासळी नाही आता, धक्क्यासाठी समुद्रात खांब ठोकल्यापासून खडकावरची शेवंड हलली आहे. तरी इतरांनी टोपलीच्या तळाशी जे ठेवलेलं असतं, त्याच्यापुढे माझं डोंगराएवढं दिसतं. शेनबगम कधी माझ्या टोपल्यांकडे बघते, कधी त्यांच्या. परवा म्हणाली, "आजोबा, चेष्टा करू नका. शेजारच्यांचं पण तुमच्यातच घातलंय ना?"

मी म्हटलं, "नाही गं बाई, माझं एकट्याचं आहे."

"मग यांना का नाही मिळत? तुमचा समुद्र वेगळा आहे का?"

यांना मिळतं, हे मी कसं सांगू? सांगितलं तर खडकाळ टोकही जाईल. आम्ही इथे परक्याच्या दारात आहोत. मी टोपल्या नुसत्या फळीजवळ सरकवल्या. तिने आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मला लांबूनही ते दिसलं. आकड्यांचं फारसं कळत नाही, पण प्रश्नचिन्ह कळतं.

ते कागद तुझ्याकडेच येतात ना? आले तर बघ. तो मी आहे.

सूसैअप्पन

*

चेन्नई
११ फेब्रुवारी २००१

प्रिय मामा,

तुमचं पत्र मी उशाखाली ठेवून झोपले. "तुझं पण ऐकलं होतं" ही ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही.

तेरीमुनैचे कागद आता आले. नाव नसतं त्यांच्यावर, पण शोधावं लागलं नाही. खाली सगळे लहान लहान आकडे आणि वर एकटाच तुमचा. शेनबगमने प्रश्नचिन्ह काढलंय हे खरं. मी ते खोडून टाकलं आणि तुमचा आकडा तक्त्यात भरला. निदान एवढं माझ्या हातात आहे, असं वाटलं.

नव्हतं. आता तक्ता माझ्याकडून थेट संगणकात जातो आणि बाकीच्यांपासून फार लांब असलेला आकडा संगणक आपोआप बाजूला काढतो. चुकून लिहिलेले आकडे पकडायला तशी सोय केली आहे. संध्याकाळी छापून आलेला कागद बघितला तर तुम्ही नव्हता.

मी नटेसन सरांकडे गेले. म्हटलं, हा आकडा खरा आहे, मी या माणसाला ओळखते.

ते थकलेत आता, उन्हाळ्यात निवृत्त होतील. म्हणाले, "असेलही खरा. पण सगळा किनारा एक सांगतो आणि एकच माणूस दुसरं सांगतो. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

"मी जाऊन बघितलं असतं, सर."

"कुणी जायचं? माझ्याकडे बारा किनाऱ्यांमागे एक शेनबगम आहे." मग ते हळू आवाजात म्हणाले, "आणि तू त्याला ओळखतेस, हे कुणाला सांगू नकोस. मणलकुडीनंतर कुणी ऐकायचं नाही."

त्यांना खरं सगळं सांगावं, तेरीमुनैचे लोक लपवतात हे लेखी द्यावं, असंही मनात आलं. मग तुमची ती ओळ आठवली. परक्याच्या दारात आहोत. मी लिहून दिलं तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळेल की कुणी सांगितलं. न दिलं तर हा लहान आकडा इथून पुढे जाईल. गेल्या आठवड्यात जिल्ह्याच्या कचेरीतून तेरीमुनैचा तक्ता मागवलाय. कशासाठी, ते लिहिलेलं नाही. मी विचारलं. कुणाला माहीत नाही, किंवा मला सांगत नाहीत.

तो परवा पाठवला. पाकीट मीच बंद केलं.

तुम्हाला काय सांगू? दोन्ही टोपल्या दाखवत राहा म्हणू, की पुरे करा म्हणू? दोन्ही वाक्यं लिहून खोडली, खाली डाग दिसताहेत ते त्यांचेच.

ईस्टरला रजा मिळतेय. तुम्ही नको म्हटलंत तरी येणार आहे. पहाटेच्या बसने उतरून थेट खडकाळ टोकाला येईन. तुमची होडी शेवटची लागते ना? मी तिथल्या खडकावर बसून राहीन. त्या दिवशी तुम्ही काय आणलंत ते मला दाखवा. मला ते नुसतं बघायचंय.

तुमची इरुदया